मम्मी, डान्स बार नाही... सालसा नाइट!

‘डान्स’ आणि ‘बार’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडच्या पालकांच्या कपाळावर जी आठी पडते ना, ती फोनवरूनही दिसते. आमच्या दिवाळेकरच्या मम्मीची आम्हाला स्पष्ट दिसली. “कुठे निघालीस?” “बेलापुरात. नाचायला.” “कुठे म्हणजे?” “एक बार आहे, तिथे गुरुवारी...” पुढचं ऐकूनच घेतलं गेलं नाही. मग स्पीकरवर मी, “काकू, डान्स बार नाही हो, सालसा नाइट आहे.” यावर काकूंचा प्रश्न बिनतोड होता. “म्हणजे बारमध्येच नाचणार ना?”

हो. बारमध्येच नाचणार होतो. मग फरक नक्की काय, हे फोनवर दोन मिनिटांत सांगता येईना. नंतर वाटलं, आपल्यालाही तो नीट माहीत नाही.

आधी दिवाळेकरविषयी. तिचं नाव वेगळं आहे, पण ती दिवाळे गावातली, कोळीवाड्यातली, म्हणून ग्रुपमध्ये ती दिवाळेकर. नवी मुंबईबाहेरच्यांनी ‘दिवाळे’ हे नाव ऐकलेलं नसतं. सीबीडी बेलापूर स्टेशनला उतरून पाम बीच रोडच्या दिशेने निघालात की एकीकडे सेक्टर १५ मधल्या हॉटेलं, कॅफे, बारच्या पाट्या दिसतात आणि तिथून जवळच दिवाळ्याचा मासळी बाजार, जेटी, खाडी. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. गावठाणं जागच्या जागी राहिली, त्यांच्याभोवती सेक्टर उगवले. त्यामुळे इथे सुकटीचा वास आणि पिझ्झाचा वास एकाच वाऱ्यावर येतो. दिवाळेकर म्हणते, “आमच्या गावातून बारमध्ये चालत जाता येतं, पण तिथे पोचायला तीस वर्षं लागली.”

तर आम्ही चौघं. मी, दिवाळेकर, खारघरचा एक उंचाडा इंजिनीअर आणि माझा मावसभाऊ, वय वर्षं वीस, एसवायला. याचं वय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बारची सजावट बघून आधी हसूच आलं. एका भिंतीवर मेक्सिकोची मोठ्या काठाची टोपी, शेजारी निवडुंग, समोर चे गव्हेराचा चेहरा (तो अर्जेंटिनाचा), कोपऱ्यात हवानाच्या जुन्या गाड्यांचे फोटो आणि मेन्यूत नाचोज. उद्या तिकडे कुणी पुणेरी पगडी, कथकलीचा मुखवटा आणि जपानी पंखा एका भिंतीवर टांगून ‘एशियन नाइट’ म्हटलं तर आपण केवढे चिडू! पण दिवे मंद होते, लाकडी फरशी होती आणि मधलं टेबल-खुर्च्यांचं सामान हटवलेलं होतं. नाचायला एवढं पुरतं.

साडेसातला क्लास. फुकट. शिकवणारा सर मराठीत, हिंदीत आणि दोन-चार स्पॅनिश शब्दांत बोलत होता. पहिली दहा मिनिटं नुसती पावलं. एक-दोन-तीन, मग चौथ्याला थांबा. पाच-सहा-सात, आठव्याला थांबा. मुलाचा डावा पाय एकला पुढे, मुलीचा उजवा मागे. पाचला उलट. झालं, हाच सालसाचा पाया. कागदावर वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात सगळी गोची त्या चारला आणि आठला होते, कारण आपल्याला थांबायची सवय नाही. गणपतीच्या मिरवणुकीत, वरातीत, हळदीत कधी कुणी थांबलंय? उंचाडा इंजिनीअर लेझीम खेळल्यासारखा गुडघे वाकवून उडत होता. सर म्हणाले, “दादा, मैदान नाही, दोन फरशा आहेत. लहान पाऊल टाक.”

दिवाळेकरला पावलं पाच मिनिटांत आली. कोळी नाचाचा ठेका सहा मात्रांचा, हा आठांचा, पण कमरेत ताल होताच. तिचं गाडं अडलं ते हात धरण्यावर. हळदीच्या मांडवात अख्खी आळी नाचते. आजी, आत्या, भावोजी, शेजारचा लहान पोरगा, सगळे सगळ्यांबरोबर. बँजोवाले वाजवत असतात आणि रात्री दहाचा नियम नसता तर पहाटेपर्यंत कुणी त्यांना सोडलं नसतं. कोळी नाचात बाया एका रांगेत, वल्ही घेतलेले पुरुष दुसऱ्या रांगेत, समोरासमोर. पण कुणी कुणाचा हात धरून, खांद्यामागे तळवा ठेवून, तीन मिनिटं एकाच माणसाकडे बघत नाचत नाही. सालसात तेच करायचं असतं. आणि बहुतेक वेळा तो माणूस अनोळखी असतो.

सरांनी इथे एक गोष्ट चांगली सांगितली. जोडीत एक जण ‘लीड’ करतो, दुसरा ‘फॉलो’. लीड म्हणजे ढकलणं नव्हे, सुचवणं. हात फार ताठ ठेवले तर निरोप पोचत नाही, फार सैल ठेवले तरी पोचत नाही. समोरच्याला वळायचं नसेल तर ती वळणार नाही, आणि मग तुम्ही साधं बेसिक चालू ठेवायचं. मावसभाऊ हळूच म्हणाला, “हे तर रिलेशनशिपचं लेक्चर झालं.”

आता थोडं या नाचाच्या घराण्याविषयी. ‘सालसा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस. आपल्याकडे जन्मला असता तर याचं नाव ‘मिसळ’ पडलं असतं, कारण आहे ती मिसळच. मूळ क्यूबाचं ‘सोन’ हे संगीत. त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ताल आणि स्पेनची गिटार. मग ते न्यूयॉर्कला गेलं. तिथल्या पॅलेडियम बॉलरूममध्ये पन्नासच्या दशकात टिटो पुएंते, माचितो यांच्या बँडवर काळे, पोर्तो रिकन, इटालियन, ज्यू एकाच फ्लोअरवर मॅम्बो नाचायचे, आणि हे अशा काळात, जेव्हा अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गोऱ्या-काळ्यांनी शेजारी बसायलाही बंदी होती. १९६४ मध्ये जॉनी पाचेको या डॉमिनिकन वादकाने जेरी मासूची या वकिलाला बरोबर घेऊन ‘फानिया रेकॉर्ड्स’ काढली. क्यूबा सोडून आलेली सेलिया क्रूझ, पोर्तो रिकोचा हेक्टर लावो असे आवाज या कंपनीने घराघरांत पोचवले आणि या सगळ्या मिश्रणाला ‘सालसा’ हे दुकानावरच्या पाटीसारखं नाव चिकटलं.

गाण्याच्या तळाशी ‘क्लावे’ असतो. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून पाच ठोके: आधी तीन, मग दोन, किंवा उलट. टाळ्या वाजवून बघा. तीन ठोके जरा अडखळत पडतात, दोन सरळ. एकदा तो कानात बसला की सगळं गाणं त्या पाच खिळ्यांवर टांगलेलं ऐकू येतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं साता समुद्रापलीकडचं, आपला काय संबंध? संबंध आहे आणि जुना आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. १९५० च्या ‘समाधी’ सिनेमातलं त्यांचं ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ हे गाणं तुमच्या आजी-आजोबांना नक्की येत असेल. त्याची चाल ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ या चाळीसच्या दशकातल्या गाण्यावरून आलेली. म्हणजे ‘देस्पासितो’च्या कितीतरी आधी पोर्तो रिको आपल्या चाळींमधल्या रेडिओवर वाजून गेलंय. पुढच्याच वर्षी आला ‘अलबेला’. भगवानदादा पालव, गिरणी कामगाराच्या घरातला हा माणूस, पडद्यावर असा काही नाचला की आजही वरातीतला प्रत्येक काका तीच स्टेप करतो. त्या संगीताच्या मागे सी. रामचंद्र यांचे साथीदार होते गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ. बोंगो, कोंगा, माराकास ही लॅटिन तालवाद्यं हिंदी सिनेमात रुळवणाऱ्यांमध्ये कावस लॉर्ड या पारशी वादकाचं नाव पहिलं घेतात.

आणि इथे एक गंमत आहे. ही गोव्याची मंडळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ आणि लॅटिन वाजवायची. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि वादकांना सिनेमाच्या स्टुडिओंचा आधार आणखी महत्त्वाचा झाला. बार थंडावले म्हणून तिथला ताल घरोघरच्या रेडिओत शिरला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

परत बेलापूर. साडेआठला क्लास संपला आणि ‘सोशल’ सुरू झालं. सोशल म्हणजे मोकळा नाच. याचे नियम कुठे लिहिलेले नसतात पण सगळे पाळतात. कुणालाही विचारता येतं, मुलगी मुलालाही विचारते. हात पुढे करायचा, “डान्स?” एवढंच. समोरून ‘हो’ आलं तर एक गाणं. गाणं संपलं की थँक्यू म्हणून जागेवर सोडायचं. ‘नाही’ आलं तर हसून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही. नवख्याबरोबर उत्तम नाचणाऱ्यानेही नाचायचं, नाहीतर नवखे येणारच नाहीत.

दिवाळेकरला पहिल्यांदा विचारलं ते नेरूळच्या एका गृहस्थांनी. वय पन्नाशीपुढचं, सरकारी नोकरी, पोटावर ताणलेला चेक्सचा शर्ट. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आणि काय नाचले ते! तिला येत असलेल्या तीनच स्टेप्समधून त्यांनी पूर्ण गाणं उभं केलं, एकदाही तिला चुकल्यासारखं वाटू दिलं नाही. तिला फक्त बेसिक आणि उजवीकडचं वळण येत होतं, पण बघणाऱ्याला वाटावं की ती वर्षभर शिकतेय. गाणं संपलं, काकांनी किंचित झुकून थँक्यू म्हटलं आणि ते रुमालाने घाम पुसत कोपऱ्यात जाऊन बसले.

दुसरा प्रसंग एवढा गोड नव्हता. ऑफिसमधून थेट आलेला, पस्तिशीचा एक जण. एक गाणं तिने त्याच्याबरोबर केलं. त्याचा हात खांद्यामागे असायला हवा तिथून खाली सरकत होता, तिने दोनदा उचलून वर ठेवला. गाणं संपल्यावर तो पुन्हा आला. ती नाही म्हणाली. थोड्या वेळाने परत, “अगं, एकच.” तिसऱ्यांदा त्याने मनगटच धरलं. मी उठणार तेवढ्यात सर कुठून तरी आले, त्याचा तो हात हसत हसत स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, “चला सर, तुमचं लीड बघू,” आणि स्वतः फॉलोअर होऊन त्याच्याबरोबर नाचायला लागले! तीन मिनिटं. सगळ्यांच्या समोर, हात बरोबर खांद्यामागे ठेवून घेत. भांडण नाही, तमाशा नाही. गाणं संपल्यावर दाराजवळ नेऊन त्याच्याशी काहीतरी शांतपणे बोलले आणि तो निघून गेला.

मी नंतर विचारलं तर सर म्हणाले, “चांगल्या सोशलची ओळख हीच. डीजे कोण, दिवे कसे, ते सोडा. ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं ते बघा.” दिवाळेकरने त्यानंतर आणखी पाच गाणी केली. मला विचाराल तर त्या रात्रीची बातमी ही आहे. तो प्रसंग घडला आणि तरी तिला घरी जावंसं वाटलं नाही.

मध्येच डीजेने बचाता लावला. सालसापेक्षा संथ, तीन पावलं आणि चौथ्याला कमरेचा हलकासा झटका. हा डॉमिनिकन रिपब्लिकचा. तिथे कित्येक दशकं बचाता म्हणजे गुत्त्यांचं, वेश्यावस्तीचं, गरिबांचं गाणं समजलं जायचं. सभ्य घरात लावायची सोय नव्हती. मग १९९० मध्ये हुआन लुईस गेर्राचा ‘बचाता रोसा’ अल्बम आला, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वाजला आणि २०१९ मध्ये युनेस्कोने बचाताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. नाच तोच, कंबर तीच. ऐकणारे बदलले.

हे ऐकून लावणी आठवली असेल तर बरोबर आठवली. मला मात्र काकूंचा तो फोनवरचा प्रश्न आठवला. कारण काकूंच्या डोक्यातला ‘डान्स बार’ काही हवेतला नाही, तो याच पट्ट्यातला आहे. २००५ मध्ये पनवेल-रायगडकडच्या डान्स बारचा विषय विधानसभेत गाजला आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी राज्यभर बंदी आणली. सुमारे ७५ हजार बायकांचं काम गेलं, असं त्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं. कायद्यात एक पाचर होती. बीअर बार आणि परमिट रूममध्ये नाच बंद, पण थ्री स्टार व त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मुद्दा साधा होता: तोच नाच छोट्या बारमध्ये अश्लील आणि मोठ्या हॉटेलात सभ्य कसा? पुढे सरकारने २०१४ आणि २०१६ मध्ये नवे कायदे केले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही अटी काढल्या, काही ठेवल्या. टिप देता येते, नोटा उधळता येत नाहीत.

माझं मत विचाराल तर सालसा नाइट आणि डान्स बार एक नाहीत. तिथे बायका नाचतात आणि पुरुष बसून बघतात. इथे बसून बघणाराच ओशाळतो, कारण कुणीतरी येऊन त्याला उठवतंच. पण एक गोष्ट टोचत राहते. आम्हाला त्या रात्री कुणी अडवलं नाही, ते आमचं नाचणं जास्त सभ्य होतं म्हणून नव्हे. आम्ही पैसे देऊन नाचत होतो, त्या पैसे घेऊन नाचत होत्या. दिवाळेकरच्या आजीला दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा तिला पहिला धक्का बारचा बसलाच नाही. ती म्हणाली, “नाचाला पण पैसं लागतान?”

लागतात ना. क्लास फुकट असला तरी टेबलावर काहीतरी मागवावं लागतंच. मावसभावाने ‘व्हर्जिन मोहितो’ मागवला. साडेतीनशे रुपये. आला तेव्हा कळलं की हे आपलं पुदिना घातलेलं लिंबू सोडा. मूळ क्यूबन मोहितोत रम असते, पण ती त्याला मिळणार नव्हतीच. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे, सौम्य बीअरसाठी २१, आणि पिण्याचा परवानाही लागतो. तुम्ही कॉलेजात असाल तर बहुतेक जण या रेषेच्या अलीकडेच आहात. दारावर आधार कार्ड बघितलं गेलं. वीस वर्षांच्या आमच्या हिरोला क्लासपुरतं आत सोडलं आणि नऊ वाजता हसतमुखाने बाहेर काढलं. बिचाऱ्याने सगळ्यांत जास्त मनापासून पावलं गिरवली होती.

पण गंमत अशी की नुकसान काहीच नाही. सालसाला बार लागत नाही. झिंगून तर नाचताच येत नाही, चारला थांबायचंय हे विसरायला होतं, गिरकीत तोल जातो. त्या फ्लोअरवरचे जे खरोखर नाचत होते, त्यांच्या हातात पाण्याच्याच बाटल्या होत्या. बारला या गोष्टीचा फार आनंद होत नसावा, म्हणून तर सालसा नाइट शनिवारी नसते, गुरुवारी असते.

मावसभावाने आता कॉलेजात सहा जण जमवलेत. चार मुली, दोन मुलगे. मुलगे कमी म्हणून दोन मुलींनी लीड शिकायला घेतलंय आणि त्यातली एक या दोघांपेक्षा बरी करते म्हणे. संध्याकाळी बेलापूर स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत, काचेसमोर, मोबाइलवर गाणं लावून एक-दोन-तीन, पाच-सहा-सात चालतं. परवा मी गेले होते. एका मुलाच्या पायात नवे रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज, प्रत्येक गिरकीला पाय फरशीला चिकटत होता, गुडघा पिळवटत होता. काचेसमोर थांबलेल्या एका रिक्षावाल्या काकांनी बराच वेळ बघितलं आणि शेवटी राहवलं नाही म्हणून सांगितलं, “चपला काढ रे, मोज्यांवर नाच.” त्याने काढल्या. गिरकी पूर्ण झाली.